तोंडपाठ नंबर

तलवाडा,
६ जानेवारी २०२६

प्रिय जिनत,

अक्षर ओळखलंस का? बीडच्या होस्टेलला तुझे निबंध याच अक्षरात जायचे. एवढ्या वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही पोस्टाने, म्हणून हसू नकोस. घरात तानाजीदादाचा फोन आहे. पण मनातलं एक अक्षरही मी आता फोनवर लिहिणार नाही. का, ते पुढे वाच.

ईशू झाली तेव्हा मी बरी नव्हते. अंगाने ठीक होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. झोप नाही, भूक नाही, तिला पाजताना रडू यायचं आणि भलभलते विचार यायचे. अंबाजोगाईला एक खाजगी मानसोपचार केंद्र आहे, तिथे जात होते. दिंद्रुडला सासरी सांगायचं देवीला जाते. तिथल्या समुपदेशक रोहिणी मॅडमनी कधी नाक मुरडलं नाही, सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. वर्षभरात मी माणसात आले. ईशू आता अडीच वर्षांची आहे, माझ्या हातचंच जेवते. जेवायची, असं लिहायला हवं.

गेल्या महिन्यात आमच्या यांच्या फोनवर त्या केंद्राचा मेसेज आला. "सौ. तेजश्री यांना कळवण्यात येते की, आमच्याकडील रुग्णांची माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेली आहे. आपण सावध राहावे." सावध मी राहायचं होतं आणि सांगितलं कोणाला, तर माझ्या नवऱ्याला! मी कुठल्या केंद्रात जाते हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मग त्यांनी शोधलं. ती फाइल तोवर गावोगावच्या ग्रुपवर फिरतच होती. नाव, गाव आणि प्रत्येकापुढे दोन-तीन ओळी. माझ्यापुढे लिहिलं होतं, "बाळाला विहिरीत टाकून द्यावंसं वाटतं, असे रुग्ण सांगते."

सासरे बद्रीनाथराव पुढारी माणूस. चार लोक बसवल्याशिवाय त्यांना निर्णय सुचत नाही. भावकी बोलावली आणि ओसरीत ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाले, "आसल्या बाईच्या हातात आमचं लेकरू न्हाई द्यायचं." आमचे हे, अमरसिंह, खाली मान घालून बसले होते. संध्याकाळी मला जीपमध्ये घालून दादाच्या दारात सोडलं. ईशू आत झोपली होती, तिला बघूही दिलं नाही.

तू वकील आहेस. मला ईशू पाहिजे, जिनत. काहीही कर.

तुझी,
तेजश्री


बीड,
१२ जानेवारी

तेजा,

अक्षर ओळखलं. पाकीट अब्बांच्या हाती पडलं. फळांचा गाडा सोडून ते घरी देऊन गेले आणि म्हणाले, "कुनाच्या लग्नाचं हाय का बघ." मी वाचलं आणि त्यांना म्हटलं, कामाचा कागद आहे.

आधी रड, जेव, मग हे वाच. तुझ्यावर दोन अन्याय झालेत आणि त्यांची दोन दारं वेगळी आहेत. पहिलं केंद्राचं. मनोरुग्णाची माहिती गुप्त ठेवायची हे मानसिक आरोग्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, त्याची तक्रार त्या कायद्याखालच्या मंडळाकडे करता येते. ग्राहक आयोग इथे बीडलाच आहे. पैसे घेऊन सेवा दिली आणि दारं उघडी टाकली, तर ती सेवेतली त्रुटी. सायबर पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या कायद्याखाली भरपाईचा अर्ज मुंबईला करता येतो. खास या चोऱ्यांसाठी नवा कायदाही झालाय, पण त्यातली आपल्या कामाची कलमं अजून लागू व्हायचीत. वरातीमागून घोडं! कागदावर कायदा लई दयाळू दिसतो गं. पण आपल्या भागात अशी केस अजून कुणी लढलेली माझ्या ऐकण्यात नाही. आपण लढू. त्या केंद्राला पळता भुई थोडी करू.

दुसरं दार ईशूचं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली माजलगावच्या कोर्टात तात्पुरता ताबा मागता येतो. पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडेच राहावं असा कायद्याचा कल आहे.

आता मला सांग. नवऱ्याचा नंबर केंद्राच्या फॉर्मवर कोणी लिहिला? तू एवढी बावळट नव्हतीस. आणि अर्जात सासरा, नवरा घालतेच आहे, सासूचंही नाव घालू ना?

जिनत


तलवाडा,
१७ जानेवारी

प्रिय जिनत,

तुझं पत्र वाचून मला राग आला, खोटं कशाला बोलू. तुला केस दिसते. मला ईशूची कानटोपी दिसते. चुकून माझ्या पिशवीत आली ती, आणि दिंद्रुडला थंडी आहे.

केंद्राला काय करायचं ते कर, पण आधी पोरगी. आणि मला एक मार्ग सुचतोय. ती फाइल माझी नाहीच असं सांग. तेजश्री नावाच्या काय कमी बायका आहेत? मी कधी त्या केंद्राची पायरी चढले नाही, संपलं. दादाही तेच म्हणतो. तो म्हणतो, "कोर्टात गेलीस तर ज्याला ठावं न्हाई त्याला बी ठावं व्हईल." वहिनी बोलत काही नाही, पण तिच्या बाळाला माझ्याजवळ एकटं सोडत नाही. पाण्याला गेली तरी काखेत घेऊन जाते. मी बघते आणि भाकरी थापत राहते.

नंबर कोणी लिहिला ते आठवत नाही. त्या पहिल्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, फॉर्म मी भरला नाही.

सासूबाईंचं नाव घालू नकोस. का, ते विचारू नकोस.

तेजश्री


बीड,
३ फेब्रुवारी

तेजा,

माजलगावला अर्ज दाखल केला. सासूचं नाव वगळलंय. एवढी घाबरतेस त्या बाईला? असो, पक्षकार तू आहेस.

पण फाइल माझी नाही असं शपथेवर लिहायला मी तयार नाही. एक तर ते खोटं आहे. दुसरं, तू असं म्हटलंस की केंद्रावरची तक्रार तिथेच मेली. जिची फाइलच नाही, तिचं चोरीला काय गेलं? केंद्राला मी नोटीस पाठवली होती, तिचं उत्तर आलंय. म्हणतात, "आमच्याकडून कोणतीही माहिती बाहेर गेलेली नाही. रुग्णाच्या स्वतःच्या फोनमधून गेली असावी." चोर तो चोर, वर शिरजोर. आणि त्यांनी पाठवलेला तो मेसेज तुझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये. त्याचा फोटोसुद्धा आपल्याकडे नाही.

फाइलमधल्या इतर काही माणसांनाही गाठलं. एकाने फोन ठेवला. एक बाई म्हणाली, "ताई, मी मेले आसं समजा." तक्रार करायची म्हणजे ती ओळ आपलीच आहे असं सही करून सांगायचं. त्यांचा राग येत नाही मला.

तारखेला नीट साडी नेसून ये. रडलीस तरी चालेल, पण प्रश्नाचं उत्तर दे.

जिनत


तलवाडा,
२१ फेब्रुवारी

जिनत,

काल कोर्टातून तुझ्याशी न बोलता निघून आले. आजही बोलायची इच्छा नव्हती.

त्यांच्या वकिलाने अमरसिंहांचा फोन पुढे केला, तो मेसेज दाखवला आणि म्हणाला, "केंद्रानंच कबूल केलंय, म्हणजे फाइल खरी आहे." मग ती ओळ वाचली. ओसरीनंतर दुसऱ्यांदा ऐकली मी ती, भरल्या कोर्टात. खालच्या बाकावर दिंद्रुडची माणसं बसली होती. आणि तू हसलीस. मी पाहिलं, जिनत. तुझ्या चेहऱ्यावर हसू होतं.

मॅडम न्यायाधीश म्हणाल्या, फाइल चोरीची असली तरी प्रश्न लेकराचा आहे, त्यात लिहिलंय ते किती खरं हे बघावं लागेल. तोवर पोरगी आजोळी नाही, आजोबांकडे. मला आठवड्यातून एकदा भेट. आपल्या पोटच्या पोरीची भेट, कोर्टाच्या आवारात, पोलीस बाईसमोर.

ओळ माझीच आहे की नाही, असं मॅडमनी मला विचारलं तेव्हा मी गप्प बसले. तू सांगितलंस तसं उत्तर दिलं नाही. मला जमलं नाही.

तेजश्री


बीड,
२५ फेब्रुवारी

तेजा,

हो, हसले. केंद्र म्हणत होतं आमच्याकडून काही गेलंच नाही, आणि त्याचा पुरावा बद्रीनाथरावांच्या वकिलाने स्वतःच्या हाताने टेबलावर आणून ठेवला. वकील हसली गं. मैत्रिणीने तेव्हा तुझ्याकडे बघायला हवं होतं. माफ कर.

आता जे लिहिते ते दोनदा वाच. आपण फासात अडकलोय. ज्या कागदाने केंद्र दोषी ठरतं, त्याच कागदाने तुझं ते वाक्य खरं ठरतं. यातून एकच वाट दिसते, आणि ती तुला आवडणार नाही. बाळंतपणानंतर असे विचार अनेक बायकांना येतात, ते बोलून दाखवणारी बाई मदत मागत असते, आणि तू बरी झालीस, हे ठामपणे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, रोहिणी मॅडम. मी त्यांना भेटले. त्यांनी केंद्राची नोकरी सोडलीय. साक्षीला यायला तयार आहेत. पण तुझ्या लेखी संमतीशिवाय त्या एक शब्द बोलणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. संमती दिलीस की तुझी पूर्ण फाइल उघडेल. फुटलेल्या दोन ओळी नाहीत, सगळी. सुनावणी बंद दाराआड घ्यावी असा अर्ज मी दिलाय, तो मंजूर झाला. तरी सासरा आणि नवरा आत असतील.

म्हणजे चोरांनी जेवढं नेलं त्याहून जास्त तूच आपल्या हाताने द्यायचं. मला लिहिताना लाज वाटतेय. पण आधी मला सांग, त्या फाइलीत असं काय आहे जे मला माहीत नाही? रोहिणी मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "आधी तिला विचारा."

जिनत


तलवाडा,
२ मार्च

प्रिय जिनत,

काल भेट होती. ईशूला तिच्या चुलतीने आणलं. मी कानटोपी नेली होती, आता थंडी सरली तरी नेली. ईशू जवळ आली नाही. चुलतीच्या पातळामागून डोकावली आणि म्हणाली, "आई, मला हिरीत नको टाकू."

अडीच वर्षांच्या लेकराला विहीर काय कळते? कुणीतरी शिकवलंय. पण मी पुढे गेले नाही. मी कानटोपी पोलीस बाईकडे दिली आणि वेळ संपायच्या आधीच निघाले.

तू विचारलंस ना, फाइलीत काय आहे. ऐक. ती ओळ नुसता विचार नव्हता. ईशू तीन महिन्यांची असताना मी तिला घेऊन शेतातल्या विहिरीवर गेले होते. घरातून निघाले तेव्हा ती माझ्या खांद्यावर होती, एवढं आठवतं. ऊन आठवतं. विहिरीच्या पायऱ्या आठवतात, पायाला गार लागल्या त्या. मधलं काही आठवत नाही. मग एकदम सासूबाईंनी माझी वेणी धरून मला वर ओढलं. त्यांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी देवीचं नाव करून मला अंबाजोगाईला घेऊन गेल्या. पुढे त्या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. त्या पाठीवरून हात फिरवायच्या, मी मान खाली घालायची. म्हणून म्हटलं, त्यांचं नाव घालू नकोस.

आपल्या लेकराला घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरलेली बाई आहे मी. रोहिणी मॅडमना हे मी सांगितलंय, त्यांनी लिहून ठेवलंय. हे कोर्टात वाचलं तर कोणता न्यायाधीश पोरगी देईल? आणि का द्यावी? सासऱ्यांचा मला राग येत होता. काल परत येताना एसटीत बसल्यावर वाटलं, ते चुकीचं काय करतात? ईशूने जे म्हटलं ते खरंच आहे.

केस मागे घे. केंद्राचीही आणि ईशूचीही. तिला तिथेच राहू दे. माझी काळजी करू नकोस, माझं काय, मी आता कुणाच्या कामाची नाही.

तेजश्री


बीड,
४ मार्च

तेजा,

तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि तशीच उठले. दादाला फोन केलाय. त्याला कारण सांगितलं नाही, फक्त म्हटलं, मी येईपर्यंत तिला एकटं सोडू नका. वहिनीने फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, "मी हाय तिच्यापाशी." त्या बाईला तू ओळखत नाहीस. हे पत्र टाकतेय कारण तू फोनवर येत नाहीस. पण पत्राआधी मीच पोचेन. रोहिणी मॅडम सोबत येताहेत, त्या तुझ्याशी बोलतील. कोर्टासाठी नाही, तुझ्यासाठी.

केस मागे घेणार नाही. नंतर हवं तर भांड.

आणि एक करतेय, तुला न विचारता. त्या दिवशी विहिरीवर तुझ्याशिवाय आणखी एक माणूस होतं. तू तिचं नाव अर्जात घालू दिलं नाहीस, म्हणजे ती पक्षकार नाही. मला तिला पत्र लिहिता येतं.

तुझी जिनत


दिंद्रुड,
११ मार्च

चि. सौ. तेजश्री हिस,
केसरबाईचा आशीर्वाद.

तुझ्या वकिलीन मैत्रिणीचा कागद शेजारच्या छबुबाईच्या पत्त्यावर आला. चार वेळा वाचला. चौथी शिकल्याली हाय मी, येवढं येतंय. हे बी मीच लिवतेय, चुकलं तर समजून घे.

पयलं माझं पाप सांगते. त्या दवाखान्यात पोरीनं फोनचा नंबर इचारला. तू बोलत नव्हतीस, भिताडाकडं बघत बसलीवतीस. माझ्याकडं फोन न्हाई. मला उभ्या जल्मात येकच नंबर पाठ झाला, माझ्या लेकाचा, अमरचा. तो कालेजला गेलता तवा पाठ केलता. तोच म्या सांगितला. त्यावर मेसेज येईल आन आसा वनवा पेटंल हे मला कुठलं ठावं. तुझा फोन तुझ्याच पिशवीत व्हता गं, तेवढं मला सुचलं न्हाई. ओसरीत भावकी बसली तवा मी चुलीपाशी व्हते. माझ्या तोंडातून शबुद निगाला न्हाई. मालकापुढं कवाच निगाला न्हाई. मला कुणी इचारलं बी न्हाई. कावून इचारतील?

वकिलीन लिवती की, तू म्हनतीस लेकराला घिऊन हिरीत उतरलीस. बाई, तुला आसं कुणी सांगितलं? दोन वरसं तू हे उरावर घिऊन हिंडलीस? मला वाटलं तुला समदं ठावं हाय, म्हून मी कवा इषय काडला न्हाई.

त्या दिवशी मी भाकरी घिऊन शेतात येत व्हते. लांबून लेकराचं रडनं आईकलं. बघते तर ईशू बांधावरच्या लिंबाला, झोळीत. माझ्याच जुन्या लुगड्याची झोळी केलतीस. खाली न्हाई, वर उंच बांधलीवतीस, कुत्रं पोचू नये म्हून. सावलीच्या अंगाला. वरून आनिक येक दोरी आवळून गुतवलीवती. म्या लेकरू बघितलं, तू दिसंनास. तवा मी हिरीकडं पळाले. तू येकलीच व्हतीस पायरीवर. रिकाम्या हातानं. तू सोताला टाकाया गेलतीस बाई, लेकराला न्हाई.

तारखेला मी येनार हाय. मालकास्नी काल सांगितलं. त्यांनी ताट भिरकावलं. म्या गोळा केलं आन परत सांगितलं. अमर सकाळी म्हनला, आई, मी गाडी काडतो. ईशूला संग आनते. हिरीचं तिला कुणी शिकवलं ते मला ठावं हाय, ते तोंड म्या बंद केलंय. रोज निजताना तिला सांगते, तुझ्या आईनं तुला झाडाला बांधलंवतं, वाऱ्यावर.

तू तुझ्या त्या मॅडमला समदं सांगायची सही दे. फाइलीत काय का लिवलेलं आसंना. तिथं मी नव्हते लिवाया.

तुला वर काडून झाडापाशी आनलं तवा ती झोळी सोडाया गेले. गाठ सुटंना. बोटानं जमंना, शेवटाला दातानं सोडली. जिला लेकरू नकू झालंय ती आशी गाठ मारती का, येवढं मी त्या जज बाईला इचारनार हाय.

केसरबाई